समुद्र नसलेल्या गावातून समुद्राची नोंद: शाळेतल्या पोरांना घेऊन कसं सुरू करायचं

सागरी पर्यावरण म्हटलं की आपल्याकडचे बहुतेक शिक्षक हात वर करतात, हे कोकणातल्या शाळांचं काम, विदर्भात कुठला आला समुद्र असं म्हणतात अन् विषय तिथंच संपते. मला हे अजिबात पटत नाही म्हणून हे लिहून राहिलो. किनाऱ्यावर उभं राहून लोक जे मोजतात, गाळ, खताचा अंश, प्लास्टिक, त्यातलं बरंच नद्यांनी वरून वाहून आणलेलं असते. मग वैनगंगेच्या, वर्धेच्या नाहीतर पूर्णेच्या काठावरच्या शाळेनं आपली नदी नीट मोजली तर ते समुद्राचंच काम झालं, फक्त वरच्या टोकाचं. याला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. एक ठरलेली जागा, एक ठरलेला दिवस, एक वही आणि ती वही वर्षानुवर्षं बंद पडू द्यायची नाही एवढी जिद्द, बस. एका दिवसात शंभर पोरं नेऊन फोटो काढण्यापेक्षा पाच पोरांनी दर महिन्याला एकाच जागी जाऊन घेतलेलं माप कितीतरी कामाचं, हे मी पुढं पुन्हा पुन्हा म्हणणार आहे.

पहिला तास नकाशाचा

भिंतीवरचा भारताचा नकाशा खाली काढा, फरशीवर पसरवा आणि पोरांना बोटानं आपल्या नाल्यापासून समुद्रापर्यंत जायला सांगा. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीकडची पोरं वैनगंगेवरून निघतील. ही मध्य प्रदेशात सिवनी जिल्ह्यात उगम पावते, गोसीखुर्दचं धरण ओलांडून खाली येते, तिला वर्धा मिळते आणि तिथून पुढं तिचं नाव प्राणहिता. यवतमाळ-वाशीमची पोरं पैनगंगेवरून वर्धेत येतील अन् याच रस्त्याला लागतील. सिरोंच्याजवळ प्राणहिता गोदावरीत शिरते, मग तेलंगणा, आंध्र, राजमहेंद्रवरमजवळचं धवळेश्वरमचं धरण, तिथून गौतमी अन् वसिष्ठा असे फाटे, अन् शेवटी बंगालचा उपसागर. गोदावरीच्या सगळ्या खोऱ्याचा साधारण एक तृतीयांश भाग एकट्या प्राणहितेचा आहे. हे ऐकलं की पोरं ताठ बसतात, कारण गोदावरी म्हणजे नाशिकची असंच त्यांनी ऐकलेलं असते.

अमरावती, अकोला, बुलढाण्याची बरीच पोरं मात्र उलट्या दिशेला जातील, पूर्णा मग तापी मग सुरत मग अरबी समुद्र. बैतुल जिल्ह्यातलं मुलताई नकाशावर नक्की दाखवा. तापी तिथं उगम पावते आणि वर्धासुद्धा त्याच तालुक्यात, म्हणजे थोड्याशा अंतरावर पडलेला पाऊस एक पश्चिमेच्या समुद्रात जाते अन् दुसरा पूर्वेच्या.

यावेळी एखादं पोट्टं हमखास विचारते, "सर, आपण फेकलेली पन्नी तिथवर जाते का जी?" इथं उत्तर सांभाळून द्या. मधात धरणं आहेत, बंधारे आहेत, काठावरच्या बाभळी आहेत, बरंच काही तिथं अडकते, हीच पन्नी समुद्रात पोचली असं आपण सांगू शकत नाही. पण किती पन्न्या इथून निघतात ते मोजू शकतो, आणि पूर आला की त्यातल्या किती जागेवरून गायब होतात तेही मोजू शकतो. पोरांना खरं उत्तर दिलं की त्यांना मोजायची गरज आपोआप कळते.

जागा अन् दिवस

जागा निवडताना सुंदर जागा पाहू नका, वर्षभर जाता येईल अशी पाहा. शाळेपासून पायी पंधरा-वीस मिनिटांच्या आत, उतार सोपा, काठ पक्का, मोबाइलला रेंज असली तर उत्तम. नदी लांब असेल तर नाला चालते, मामा तलाव (जुना मालगुजारी तलाव) चालते, तलावाचा सांडवा ज्या नाल्यात पडते तो नाला शेवटी नदीलाच जाते. काठावरच्या एखाद्या दगडाला किंवा झाडाला रंगाचा पट्टा मारा आणि दर वेळी तिथूनच माप घ्या, कारण दहा पावलं इकडं तिकडं झालं की पाण्याचा रंगही बदलते अन् कचराही.

दिवस महिन्यातून एक, समजा दुसरा शनिवार, आणि वेळ शक्यतो सकाळी दहा ते दुपारी दोनच्या मधात कारण पाण्याची पारदर्शकता पाहायला ऊन डोक्यावर लागते. मार्च-एप्रिलमध्ये सकाळची शाळा असते, ऊन भाजते, तेव्हा दहालाच आटपा आणि वहीत वेळ लिहा. आपल्याकडं शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तोवर पहिले पाऊस होऊन गेलेले असतात आणि पहिल्या पुरासोबत वर्षभराचा कचरा निघून जाते, त्यामुळं जूनचं माप चुकतंच. गावातच राहणारी दोन-तीन मोठी पोरं अन् त्यांचे आईवडील तयार असतील तर सुट्टीतलं माप पूर यायच्या आधी त्यांच्याकडून घ्या. दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणी नाहीतर धान कापणी असते, अर्धा वर्ग शेतात असते, म्हणून गट सातचा ठेवा म्हणजे तीन नसले तरी काम चालते. उन्हाळ्यात नदी आटली, डबकं उरलं, तर "पाणी नाही" हीसुद्धा नोंदच, ती तारीख-वेळ घालून लिहायची, पान कोरं सोडायचं नाही.

सुरक्षा आधी, मग विज्ञान

हे मी मुद्दाम मापांच्या आधी लिहितो. पोरांनी पाण्यात उतरायचं नाही, घोट्याइतकंही नाही, रेतीच्या उपशानं नदीत कुठं खड्डा झाला ते वरून दिसत नाही. बकेटीला दोरी बांधून काठावरून पाणी काढा. सोबत पोहणारा माणूस पाहिजेच, ढिवर किंवा भोई समाजातले एखादे काका आले तर त्यांच्यासारखं कोणी नाही, पाणीही कळते अन् मासेही. मुली असतील तर मॅडम सोबत पाहिजे, नाहीतर घरचे पाठवत नाहीत आणि त्यांचं बरोबर आहे. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एकदा सांगा, पालकांची लेखी परवानगी घ्या.

पावसाळ्यात वरून धरणाचं पाणी सोडलं का ते पोलीस पाटलाला नाहीतर तलाठ्याला विचारूनच निघा. विजेचा धोका आपल्याकडं फार, पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचं दामिनी ॲप फोनमध्ये ठेवा, गडगडाट ऐकू आला की माप सोडून परत. जंगलाच्या कडेची जागा असेल तर वनरक्षकाला विचारल्याशिवाय जायचं नाही. आणि एक गोष्ट शंभरदा सांगा, फवारणीच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीला हात लावायचा नाही. लांबून मोजायची, फोटो काढायचा, पुढं जायचं. २०१७ ला यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं किती कास्तकार गेले ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

पाणी किती स्वच्छ दिसते ते मोजणं

समुद्राच्या मोजणीत सगळ्यात जुनं अन् सोपं साधन म्हणजे सेकी डिस्क. १८६५ मध्ये आंजेलो सेकी नावाच्या इटलीतल्या धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञानं भूमध्य समुद्रात जहाजावरून पांढऱ्या तबकड्या सोडून त्या किती खोल दिसेनाशा होतात ते पाहिलं. आजही हेच चालते, २०१३ पासून तर खलाशांनी आणि मच्छीमारांनी समुद्रात ही तबकडी सोडून मोबाइलवरून माप पाठवायचा जगभराचा एक उपक्रम चालू आहे, त्यातून प्लवकांचा अंदाज बांधतात. प्लवक म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, त्यातले वनस्पतीप्रकारचे जीव समुद्रातल्या अन्नसाखळीचा पाया आहेत, त्यांच्यावर मासे, माशांवर आपण.

आपल्याकडं २० सेंटिमीटर व्यासाची तबकडी करा. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून पत्र्याचा गोल कापून घ्या, चार भाग करून आलटून पालटून काळा-पांढरा रंग द्या, मधात भोक, खाली वजनाला एखादा मोठा नट, अन् दोरीला दर दहा सेंटिमीटरवर गाठ नाहीतर पक्क्या रंगाची खूण. दोरी न ताणणारी घ्या, ताणली की माप खोटं. कठडा असलेल्या पुलावरून, सावलीच्या बाजूनं हळूहळू सोडा. दिसेनाशी झाली की आकडा वाचा, मग वर ओढा, पुन्हा दिसली की आकडा वाचा, दोन्हीची सरासरी. तीन पोरांनी वेगवेगळं वाचायचं, एकमेकांचा आकडा ऐकायचा नाही, हे फार महत्त्वाचं कारण पहिल्यानं साठ म्हटलं की दुसऱ्याला साठच दिसते. तिन्ही आकडे वहीत, नुसती सरासरी नको.

नाल्यात तबकडी तळाला टेकते अन् तरी दिसते, तेव्हा "तळ दिसला, खोली इतकी" असं लिहा. किंवा मीटरभर लांब पारदर्शक पाइप घ्या, खालचं तोंड बंद करा, आत तळाला छोटं काळं-पांढरं चिन्ह चिकटवा, बकेटीतलं पाणी हलवून पाइपात ओता आणि वरून पाहत पाहत चिन्ह दिसेनासं होईपर्यंत भरा. जितकी उंची तितकी पारदर्शकता. आपल्या काळ्या मातीच्या पट्ट्यात जुलैमध्ये चार बोटं पाण्यातच चिन्ह गायब होते, आणि कोणाच्या वावरातली माती चालली यावर पोरांमध्ये चर्चा सुरू होते, ती होऊ द्या.

पाण्याच्या रंगासाठी फोरेल-उल नावाची १ ते २१ रंगांची पट्टी आहे, निळ्यापासून तपकिरीपर्यंत, समुद्रशास्त्रात शंभराहून जास्त वर्षं वापरात आहे. आयऑनवॉटर नावाच्या ॲपमध्ये तीच पट्टी वापरून फोटोसोबत नोंद पाठवता येते आणि समुद्राशिवाय नदी-तलावाची नोंदही चालते. म्हणजे पोरांची नोंद खरोखरच जगाच्या नकाशावर ठिपका म्हणून दिसते.

खारं पाणी, गोडं पाणी

हा भाग मला सगळ्यात जास्त आवडते, कारण समुद्र न पाहिलेल्या पोरालाही खारं पाणी माहीत आहे. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यातल्या पोरांना तर विचारूच नका, अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या त्या गावांत बोअरचं पाणी तोंडात घेववत नाही. पाण्यात विरघळलेले क्षार सांगणारा साधा टीडीएस मीटर घ्या, पेनासारखा असते, स्वस्तात मिळते. प्यायच्या पाण्यासाठी भारतीय मानकात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यायचं. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार, म्हणजे पस्तीस हजार मिलिग्रॅम. पोरांना घरची विहीर, शाळेचा हातपंप, नाला, बोअर सगळं मोजून आणू द्या आणि मग समुद्राचा आकडा फळ्यावर लिहा.

आता वर्गात समुद्र करा. एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ. मीटर त्यात बुडवला तर बहुतेक वेळा तो मीटर हात टेकते, त्याची मर्यादाच दहा हजाराच्या आत असते. मग त्यातलं एक भाग पाणी अन् नऊ भाग साधं पाणी असं पातळ करून मोजा, तीन-साडेतीन हजाराच्या आसपास येते, दहानं गुणा. अगदी ३५०० का आलं नाही असं विचारणारं पोरगं भेटलं तर त्याला जवळ बसवा. मीटर मीठ तोलत नाही, पाण्यातून वीज किती सहज जाते ते पाहून अंदाज सांगते. शिवाय आपलं साधं पाणीही काही शून्य नाही, त्याचे आधीचे क्षार आहेतच, तेही मोजून वजा करायला लावा.

दुसरा प्रयोग, पारदर्शक बाटलीत अर्धी खारं पाणी, त्यावर चमच्याच्या पाठीवरून अगदी हळू हळदीच्या रंगाचं गोडं पाणी. ते मिसळत नाही, वर थर करून राहते. बंगालच्या उपसागरात हेच होते, गोदावरी, महानदी, गंगा-ब्रह्मपुत्रा, इरावती एवढ्या नद्या एवढं गोडं पाणी ओततात की वरचा थर कमी खारा अन् हलका राहते, खालचं पाणी वर यायला अडते. त्या थरात आपल्या वैनगंगेचं पाणीसुद्धा आहे. पोरं बाटलीकडं पाहत बसतात, बसू द्या, तास संपला तरी.

पीएच पट्टीनं (पाणी आम्लाकडं झुकते की अल्काकडं ते सांगणारी) आपलं पाणी मोजा. समुद्राच्या वरच्या पाण्याचा पीएच सध्या ८.१ च्या आसपास, कारखानदारी वाढायच्या आधी ८.२ च्या आसपास होता. कमी वाटते पण हे माप दहाच्या पटीत चालते म्हणून एवढा फरकही मोठा, शंख-शिंपल्यांना कवच बांधायला जड जाते. बुलढाण्याच्या शाळांना जवळच लोणार आहे, तिथल्या पाण्याचा पीएच १० च्या आसपास, पट्टी गडद होते. पण लोणार म्हणजे छोटा समुद्र असं सांगू नका, तिथलं पाणी सोड्याचं आहे, बाहेर कुठं वाहत नाही, २०२० ला ते गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं मीठ आवडणारे सूक्ष्मजीव त्यामागं असल्याचं सांगितलं. ते अभयारण्य आहे, वनविभागाची परवानगी काढूनच जा.

कचरा उचलणं अन् कचरा मोजणं

१९८६ मध्ये अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्यावर लिंडा मॅरानिस आणि कॅथी ओहारा या दोघींनी लोकांना घेऊन किनारा साफ केला, पण नुसता साफ केला नाही, काय काय सापडलं ते एकूणएक कार्डावर लिहायला लावलं. त्यातूनच आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता दिवस उभा राहिला, सप्टेंबरचा तिसरा शनिवार. आपल्याकडं स्वच्छता मोहिमा भरपूर होतात पण मोजते कोण? म्हणून आधी मोजा, मग उचला.

काठाला समांतर १०० मीटर दोरीनं आखा. अडीच सेंटिमीटरपेक्षा मोठी प्रत्येक वस्तू मोजायची. एक गट इकडून, दुसरा तिकडून, दोघांचे आकडे वेगळे लिहा, फार फरक पडला तर पुन्हा फिरा. यादी आपली आपण करा, परदेशी फॉर्ममध्ये खर्र्याची पन्नी नसते. आपल्याकडं तीच जास्त. सुपारी-तंबाखू-चुना पन्नीत घोटून तीच पन्नी गाठ मारून खिशात अन् मग नदीवर. तिचा वेगळा रकाना पाहिजे. त्यानंतर पानमसाल्याच्या पुड्या, शाम्पूचे पाऊच, पाण्याच्या बाटल्या, थर्माकोलच्या पत्रावळी, खताच्या बॅगा, ठिबकच्या नळीचे तुकडे, मल्चिंगचा फाटलेला पेपर, औषधाच्या बाटल्या (लांबून!), जाळ्याचे तुकडे, चपला, मूर्ती अन् पूजेचं सामान. गणपती-शारदा विसर्जनाच्या आधी एकदा अन् नंतर एकदा मोजलं तर फरक कोणी सांगायची गरज पडत नाही. पोरांना कोणाच्या घरचं नाव घेऊ देऊ नका, गाव लहान असते, आकडा पुरेसा.

उचललेला कचरा कुठं जाणार ते ग्रामपंचायतीशी आधीच बोलून ठेवा, काठावर पेटवून देऊ नका. आणि जेवायच्या आधी साबणानं हात.

मोठ्या वर्गांना बारीक प्लास्टिक शोधायचं असेल तर तेही जमते. पाच मिलिमीटरपेक्षा लहान तुकड्याला सूक्ष्मप्लास्टिक म्हणतात, पण शाळेत एक मिलिमीटरपेक्षा लहानाच्या मागं लागू नका, डोळ्यानं खात्री होत नाही. पुराच्या खुणेच्या रेषेवरची रेती एक फूट बाय एक फूट चौकटीतून वरची दोन बोटं घ्या, वाळवा, आधी मोठ्या भोकाच्या चाळणीतून अन् मग पिठाच्या चाळणीतून काढा, मधात जे उरलं ते मिठाच्या घट्ट पाण्यात टाका. लिटरला साधारण ३५० ग्रॅम मीठ विरघळते, त्या जड पाण्यात रेती खाली बसते अन् पन्नी, बाटलीचं झाकण, थर्माकोल यांचे तुकडे वर येतात. बाटलीचं अंग ज्या प्लास्टिकचं असते ते यातही बुडते, त्यामुळं आपला आकडा खऱ्यापेक्षा कमीच येणार, हे पोरांनी वहीत लिहून ठेवायचं. शंका आली तर शिक्षकांनी तापलेली सुई लावून पाहावी, प्लास्टिक वितळते, काडी वितळत नाही. बाजूला एका वाटीत नुसतं मीठपाणी उघडं ठेवा, त्यात कपड्यांचे धागे किती पडतात ते पाहा, तेवढे धागे मोजणीतून सोडून द्यायचे.

पाण्यातले किडे

पट्ट्या अन् मीटर त्या क्षणाचं पाणी सांगतात, किडे महिनोन् महिन्यांचं. काठावरची कुजलेली पानं पाण्यासकट पांढऱ्या ट्रेमध्ये घ्या, दोन मिनिटं कोणी बोलायचं नाही, मग पानं हलायला लागतात. चतुराची अळी बहुतेक पहिली दिसते, मातकट, सहा पायांची, मागच्या टोकातून पाण्याची पिचकारी सोडून झटक्यात पुढं जाते. तिच्या तोंडाखाली घडीचा ओठ असते, तो बाणासारखा बाहेर येते अन् समोरची डासाची अळी पकडते. एकदा हे पाहिलं की कोणतंही पोट्टं किड्याला चिरडत नाही. नुसत्या लाल दोऱ्यासारख्या अळ्याच असतील, दुसरं काही नसेल, तर पाण्यात प्राणवायू कमी असल्याचा संशय घ्या. फोटो काढा, मोजा, पाणी परत तिथंच सोडा. फोटो आयनॅचरलिस्टवर (लोकांनी पाहिलेले जीव नोंदवायची साइट) टाकता येतात पण स्वतःचं खातं काढायला १३ वर्षं पूर्ण लागतात, म्हणून शिक्षकांच्या खात्यावरून टाका अन् फोटोत पोरांचे चेहरे येऊ देऊ नका.

माशांसाठी ढिवर काकांना विचारा. कोणता मासा पूर्वी यायचा अन् आता येत नाही, कोणत्या महिन्यात अंडी घालायला वर चढते. गावागावात नावं वेगळी, जे सांगतील तेच नाव लिहा अन् फोटो जोडा. मोठ्या झिंग्याचं पोरांना आवर्जून सांगा, आपल्याकडच्या तलावात सोडतात तो मोठा झिंगा गोड्या पाण्यात वाढते पण त्याची अगदी लहान पिल्लं खाऱ्या-गोड्या मिसळलेल्या पाण्याशिवाय जगत नाहीत. नदी अन् समुद्र एकमेकांना कसे धरून आहेत ते ताटातल्या झिंग्यावरूनच कळते.

पाऊस असेल, बाहेर जाता येत नसेल तेव्हा

शाळेत टीव्ही नाहीतर प्रोजेक्टर असेल तर झूनिव्हर्स नावाच्या साइटवर शास्त्रज्ञांनी टाकलेले फोटो लोकांनी ओळखायचे असतात, त्यात समुद्रातले जीव, पेंग्विन असे प्रकल्प येत-जात राहतात. खातं न काढताही काम करता येते. भाषा इंग्रजी आहे, तेव्हा काय विचारलं ते आधी शिक्षकांनी फळ्यावर मराठीत लिहावं. एकच फोटो अनेक माणसं पाहतात अन् मग उत्तर ठरते, त्यामुळं पोरं चुकली तरी बिघडत नाही. मुंबईत २०१७ पासून मरीन लाइफ ऑफ मुंबई या नावानं लोक ओहोटीला किनाऱ्यावर फिरून शंख, खेकडे, समुद्रगोगलगायी यांचे फोटो नोंदवतात, ते फोटो पोरांना दाखवा, एवढ्या गर्दीच्या शहरातल्या दगडांवर काय काय जगते ते पाहून पोरं हरखतात.

वही

शाळेची आवक-जावक जशी असते तशीच पक्की बांधलेली, पान क्रमांक टाकलेली वही. पेनानं लिहायचं, चुकलं तर एक रेघ मारून बाजूला बरोबर आकडा, खोडरबर नाही. प्रत्येक पानावर तारीख, वेळ, जागा, आभाळ कसं, शेवटचा पाऊस कधी, कोणी मोजलं, कोणत्या साधनानं. मोजलं अन् काही सापडलं नाही तर शून्य. मोजलंच नाही तर "मोजलं नाही". या दोन्हीत फरक आहे हे पोरांच्या डोक्यात पहिल्या महिन्यातच बसलं पाहिजे. दर वेळी पानाचा फोटो काढून दोन जणांच्या फोनमध्ये ठेवा.

आता खरी अडचण. शिक्षकाची बदली होते अन् उपक्रम तिथंच मरते, आपल्याकडं हे सगळ्यांनाच माहीत आहे. यावर उपाय म्हणजे वही शिक्षकाची ठेवायचीच नाही. आठवीच्या पोरांनी शाळा सोडायच्या आधी तीन महिने सातवीच्या पोरांना सोबत न्यायचं, हातात दोरी द्यायची, आपण मागं उभं राहायचं, अन् शेवटी वही त्यांच्या नावानं सही करून सोपवायची. मुख्याध्यापकांनी त्या नोंदीवर शिक्का मारावा. राष्ट्रीय हरित सेनेत, जलसुरक्षेच्या तासात, बालविज्ञान परिषदेच्या प्रकल्पात हे काम बसवता येते, त्यामुळं वेगळा वेळ कुठून काढू हा प्रश्न बराच सुटते. पण प्रदर्शनासाठी म्हणून आकडे सुरेख करायचे नाहीत, वाकडे आले तर वाकडेच मांडायचे.

आकडे जमले की पोरांना ते स्वतः वापरू द्या. पोरांना नुसतं मोजायला लावणं अन् त्याचं काय झालं ते न सांगणं म्हणजे त्यांच्याकडून फुकट मजुरी करून घेणं. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत दोन पोरांनी उभं राहून वर्षभराचा तक्ता वाचावा, पारदर्शकता कधी घसरली, पन्न्या कोणत्या महिन्यात वाढल्या. सरपंच प्रश्न विचारतील, पोरं वहीतून उत्तर देतील.

जमलं तर किनाऱ्यावरची एखादी शाळा जोडीला घ्या, रत्नागिरी-सिंधुदुर्गातली चालेल, गोदावरीच्या मुखाजवळची मिळाली तर फारच छान, भाषेची अडचण येईल पण आकड्यांना भाषा लागत नाही. दोघांनी एकच फॉर्म वापरायचा, तीच शंभर मीटर, तेच रकाने, अन् सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी एकाच दिवशी मोजून एकमेकांना पाठवायचं. त्यांच्याकडं जाळ्याचे तुकडे जास्त येतील, आपल्याकडं पन्न्या, अन् त्यांच्या यादीत आपल्या यादीतलं काय काय दिसते ते पोरं स्वतःच शोधतील.

सुरुवात ऑक्टोबरात करा, पाऊस थांबलेला असते, पाणी निवळत असते, काठ पक्का झालेला असते. पहिल्या महिन्यात फक्त दोरी, तबकडी, बकेट अन् वही. टीडीएस मीटर अन् पीएच पट्टी दोन-तीन महिने काम नीट चाललं की घ्या, किडे त्यानंतर, सूक्ष्मप्लास्टिक दुसऱ्या वर्षी. अन् पहिल्या दिवशी जायच्या आधी काठावरचा तो दगड रंगवायला विसरू नका, पिवळा ऑइल पेंट घ्या, पुरातही टिकते.